थांबवलेला बाप्तिस्मा : मुंबईतील एका मराठी मंडळीपुढे आलेले प्रकरण

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाशी संलग्न असलेल्या मुंबईतील एका मराठी मंडळीपुढे, म्हणजे एका चर्चमधल्या उपासकांच्या समूहापुढे, काही वर्षांपूर्वी सात महिन्यांच्या एका मुलीच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न आला. आजीला तो तातडीने हवा होता, आईच्या मनाला तो पटत नव्हता आणि वडील दोघींच्या मध्ये उभे होते. मी त्या वेळी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीवर होते. त्याआधी बरीच वर्षे शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवत असल्यामुळे मुलीच्या वडिलांना त्यांच्या लहानपणापासून ओळखत होते. कुटुंबाच्या संमतीने ही हकिगत लिहीत आहे. नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

माझी भूमिका आधीच सांगते. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, असे मी मानते. माझ्या दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा त्यांना वर्ष पुरे होण्याआधी झाला आणि त्याचे मला आजही समाधान आहे. तरीही या प्रकरणात बाप्तिस्मा देऊ नये, असे मत मी दिले. कमिटीतल्या काहींना ती माघार वाटली. ज्या कारणांसाठी मी बालबाप्तिस्मा मानते त्याच कारणांनी मला ते मत द्यायला लावले, आणि ते कसे, हे नीट मांडावे म्हणून हे लिहायला घेतले आहे.

कुटुंब आणि बुधवारची दुपार

मुलीच्या आजी महापालिकेच्या एका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांचे माहेर नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मिशनऱ्यांच्या अमेरिकन मराठी मिशनच्या काळात त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ती विश्वास स्वीकारला आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा पाळण्यातल्या वयातच होत आला. पती गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर घर आजींच्याच पगारावर चालले. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीसमोर दिलेला शब्दही त्यांनी जवळजवळ एकटीने पाळला. रात्रपाळी करून आल्या तरी रविवारच्या उपासनेला त्या मुलाचा हात धरून हजर असत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून पुढे त्यांच्याकडून जी चूक होऊ घातली होती ती सांगताना हेही सांगणे मला आवश्यक वाटते.

सून अंबरनाथची, एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. तिचे माहेर एका स्वतंत्र सहभागितेत, म्हणजे मोठ्या चर्चशी न जोडलेल्या ख्रिस्ती मंडळीत, आहे. तिथे तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. मुलाला प्रार्थनेने प्रभूच्या हाती सोपवतात आणि पुढे त्याने स्वतः विश्वास कबूल केला की पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. सुनेचे मामा तिथल्या पुढाऱ्यांपैकी एक. लग्न ठरताना सहभागितेने अट घातली की आजींच्या मुलाने ‘पाण्याचा बाप्तिस्मा’ घ्यावा, कारण तान्हेपणी डोक्यावर शिंपडलेले पाणी हा त्यांच्या मते बाप्तिस्माच नव्हता. लग्नाच्या दोन महिने आधी बदलापूरजवळ उल्हास नदीत त्याने तो घेतला आणि आईला ते संध्याकाळी घरी आल्यावर सांगितले. आजी त्या रात्री जेवल्या नाहीत. त्यांनी भांडणही केले नाही, आणि त्यानंतर चार वर्षे त्या विषयावर घरात कोणीच काही बोलले नाही.

मुलगी झाली. सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा संपल्यावर सून कामावर रुजू झाली आणि बाळ दिवसभर आजीकडे राहू लागले. पंधरा दिवसांनी आजी मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, भेटल्या. बुधवारी दुपारी घरी या, चार माणसांत उरकून घेऊ, दाखला सावकाश द्या, अशी त्यांची विनंती होती. मुलाच्या कानावर त्यांनी हे घातले होते. त्याने हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. पाळकसाहेबांनी नकार दिला, आणि ही गोष्ट मुलीच्या आईपासून लपवून ठेवण्याचे वचनही दिले नाही. आईला कळले तेव्हा ती बाळाला घेऊन माहेरी गेली आणि तीन आठवडे परत आली नाही. या टप्प्यावर प्रकरण कमिटीपुढे आले. दोन्ही बायकांशी बोलण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले.

मंडळीच्या हातात काय होते

इथे आमच्या चर्चची घडण सांगणे भाग आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन परंपरेचे चर्च होते, मेथडिस्ट होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांतून आधीच एकत्र आलेले युनायटेड चर्च होते, आणि त्यांच्याच बरोबरीने बॅप्टिस्ट, ब्रेदरन व डिसायपल्स या बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या परंपराही होत्या. ही सगळी माणसे एका चर्चमध्ये राहायची म्हणजे बाप्तिस्म्याचा प्रश्न सुटल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून दोन्ही वाटा मान्य करण्यात आल्या. एका वाटेने बालपणी बाप्तिस्मा आणि समज आल्यावर दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, तर दुसऱ्या वाटेने बालपणी समर्पण, म्हणजे पाण्याविना प्रार्थनेने मुलाला प्रभूच्या हाती सोपवणे, आणि स्वतःच्या विश्वासाच्या कबुलीवर पुढे बाप्तिस्मा. कोणत्या वाटेने जायचे हे आईवडिलांच्या विवेकावर सोडलेले आहे.

म्हणजे सुनेचे मत आमच्या चर्चला परके नव्हते. ते चर्चच्या पायातच घातलेले होते. कमिटीतल्या आम्हा नऊ जणांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हते, कारण आमच्या मंडळीत समर्पणाचा विधी कोणाच्याही आठवणीत झाला नव्हता. आम्ही सारे बालबाप्तिस्म्याच्या परंपरेतून आलेलो आणि तीच एक वाट आहे असे धरून चाललेलो. पाळकसाहेबांनी सभेत ती तरतूद समजावून सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की ही सोय बॅप्टिस्टांसाठी होती, आपल्यासाठी नव्हे. या वाक्यावर बराच वेळ चर्चा झाली.

मला त्या वेळी आमच्याच मिशनचा आरंभ आठवला. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने हिंदुस्थानाकडे पाठवलेल्या पहिल्या पाच मिशनऱ्यांची दीक्षा ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे एकाच वेळी झाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. त्या पाचांतलेच अॅडोनिराम जडसन यांनी जहाजावर असताना बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा नव्याने अभ्यास केला, बालबाप्तिस्म्यावरचा त्यांचा विश्वास उडाला आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात त्यांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला. पत्नी अॅन यांना हा बदल आधी मान्य नव्हता. पुढे त्यांनी स्वतः शास्त्र वाचून पाहिले आणि त्याच दिवशी त्याही पाण्यात उतरल्या. ल्यूथर राइस यांनीही तीच वाट धरली. आजींच्या आजोबांना ज्या मिशनने सुवार्ता सांगितली त्या मिशनच्या जन्माच्या वेळीच हा वाद त्याच्या घरात होता. तो सुनेने अंबरनाथहून आणलेला नव्हता. जडसन दांपत्याच्या हकिगतीतला आणखी एक बारकावा मी सभेपुढे ठेवला: नवरा आणि बायको एका मतावर येईपर्यंत त्या घरात कोणी कोणाला पाण्यात नेले नाही.

आजींचे म्हणणे

आजींना मी तीनदा भेटले. पहिल्या भेटीत त्यांनी दाखल्याचा विषय काढला. मुंबईतल्या अनेक ख्रिस्ती शाळांत अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश घेताना बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, ही खरी गोष्ट आहे, आणि त्या एका कागदासाठी घाईघाईने बाप्तिस्मा मागणारी दांपत्ये आमच्याकडेही येतात. पण आजींचे मूळ कारण ते नव्हते, आणि त्यांनाही ते माहीत होते. मी तो विषय वाढवला नाही.

दुसऱ्या भेटीत त्या मनापासून बोलल्या. ‘मी हजारो बाळांना बीसीजी टोचली,’ त्या म्हणाल्या. ‘एकाही बाळाला विचारून टोचली नाही. मोठा झाल्यावर त्याला हवी तर घेईल, असे एकही आई कधी म्हणाली नाही. मग देवाच्या कृपेलाच का थांबवायचे?’ मग त्यांनी नोकरीतली एक रात्र सांगितली. अपुऱ्या दिवसांचे बाळ, वाचण्याची आशा नाही, आईवडील ख्रिस्ती, आणि पाळक येईपर्यंत वेळ नाही. आईवडिलांच्या विनंतीवरून आजींनी स्वतःच्या हाताने, चमचाभर पाण्याने, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्या बाळाचा बाप्तिस्मा केला. जीव धोक्यात असताना कोणीही असा बाप्तिस्मा देऊ शकतो, ही चर्चची फार जुनी रीत आहे. ते बाळ पहाटे गेले. तेव्हापासून प्रत्येक तान्ह्या मुलाकडे पाहताना ती रात्र त्यांच्या मनात जागी होते.

या भीतीला मी हलके लेखत नाही. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांचे तारण होत नाही, असे थोर ख्रिस्ती ईशज्ञानी ऑगस्टीनने पाचव्या शतकात लिहिले, आणि त्या मताचे ओझे पाश्चात्त्य चर्चमधल्या आयांनी पुढे शेकडो वर्षे वाहिले. रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ साली, अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे, असे सांगणारा लेख प्रसिद्ध केला. आमच्या परंपरेत तर देवाची दया पाण्यावाचून अडते असे शिकवलेच जात नाही. मी आजींना एवढेच म्हटले की बालकांना जवळ घेऊन, त्यांच्यावर हात ठेवून प्रभूने आशीर्वाद दिला, ते मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि तिथे पाण्याचा उल्लेख नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ‘तिथे त्यांना अडवणाऱ्या शिष्यांचा उल्लेख आहे.’ याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मी ते शोधण्याचा आवही आणला नाही.

पंडिता रमाबाईंचा दाखलाही त्यांनी दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या अडीच वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. मनोरमेला कोणी विचारले होते, असा त्यांचा प्रश्न. दाखला अचूक होता. मी तो कमिटीपुढेही ठेवला, आणि त्याचबरोबर हेही ठेवले की रमाबाई तेव्हा विधवा होत्या. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्येच वारले होते. त्या मुलीसाठी शब्द देणारी घरात एकच व्यक्ती होती आणि ती पूर्ण मनाने देत होती.

आईचे म्हणणे

मुलीच्या आईला मी अंबरनाथला तिच्या माहेरी भेटले. आजींचे बीसीजीचे म्हणणे मी तिला जसेच्या तसे सांगितले. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘बाई, घेणाऱ्याचा विश्वास नसला तरी लस काम करते. बाप्तिस्मा तसा आहे का?’

या प्रश्नाने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. बाप्तिस्मा लसीसारखा असेल तर बुधवारची दुपार पुरेशी होती. एक पाळक, एक वाटी पाणी, आणि काम झाले. मग आईवडिलांची कबुली नको, मंडळी नको, पुढचे दृढीकरणही नको. पण आमची उपासनापद्धती असे मानत नाही. बाळाच्या बाप्तिस्म्यात पाण्याला हात लावण्यापूर्वी आईवडिलांना विचारले जाते की वाईटाचा त्याग करता का, ख्रिस्तावर विश्वास ठेवता का, या मुलाला त्या विश्वासात वाढवाल का. मग मंडळीला उभे करून तिच्याकडून वचन घेतले जाते. या प्रश्नांना उत्तरे मिळाल्यावरच पाणी. कृपा आधी येते, मागण्याआधी येते, हे आजींचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि तान्ह्या मुलाइतके ते दुसऱ्या कोणावर स्पष्ट दिसत नाही. पण ती कृपा ज्या हातांवर ठेवली जाते ते हात आईवडिलांचे असतात. ते पुढे केलेले असावे लागतात.

मी तिला एक प्रतिप्रश्नही केला. तू पाण्यात उतरलीस तेव्हा किती वर्षांची होतीस? बारा, ती म्हणाली. कोणाबरोबर? मावसभावंडे मिळून सातजण. मे महिन्याच्या शिबिरानंतर मामांनी यादी केली होती. यादीत नाव नको असे म्हणता आले असते का? ती बराच वेळ गप्प राहिली. ‘नसते आले,’ ती म्हणाली. ‘पण बाई, मला ते आठवते. पाण्याचा गारवा आठवतो. माझ्या मुलीलाही आठवावे, एवढेच मला हवे आहे.’

प्रौढ बाप्तिस्म्याच्या बाजूने मी बरेच युक्तिवाद वाचले आहेत. आधी शिष्य करा आणि मग बाप्तिस्मा द्या, हा मत्तयातल्या आज्ञेचा क्रम. विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, हे मार्काचे वचन. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख नव्या करारात एकदाही नाही, हा आक्षेपही खरा आहे. या सगळ्यांपेक्षा तिच्या त्या गारव्याने मला अधिक विचारात टाकले. मला माझा बाप्तिस्मा आठवत नाही. मी तो दाखल्यावरून आणि आईच्या सांगण्यावरून जाणते. म्हणजे ज्याचा बाप्तिस्मा पाळण्यात झाला त्याची आठवण दुसऱ्यांनी सांभाळायची असते आणि वेळोवेळी त्याच्या हाती द्यायची असते. माझ्या आईने ती दिली. आमच्या शब्बाथशाळेतल्या किती मुलांना ती कोणी दिली, हे आठवू लागले तेव्हा मला शिक्षिका म्हणून लाज वाटली. मुलांना मी दहा आज्ञा शिकवल्या, स्तोत्रे पाठ करून घेतली. तुझा बाप्तिस्मा झाला आहे आणि त्याचा अर्थ हा आहे, असे एकेकाला बसवून सांगितले नाही.

वडील आणि नदी

आजींचा मुलगा माझ्याशी बोलायला स्वतःच आला. बाळाबद्दल त्याचे मत विचारले तर आईच्या मनासारखे होऊ दे, असे तो म्हणे आणि लगेच बायकोच्या मनाविरुद्ध नको, असेही म्हणे. शेवटी मी त्याला विचारले की नदीत उतरताना त्याने काय कबूल केले होते. तेव्हा तो मोकळा झाला. तिथे त्याला सर्वांसमोर सांगावे लागले होते की लहानपणी माझ्यावर झाले तो बाप्तिस्मा नव्हता. ‘मला तसे वाटत नव्हते, टीचर,’ तो म्हणाला. ‘मला लग्न करायचे होते.’

या प्रकरणाची गाठ इथे होती. एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा, असे इफिसकरांस पत्रात म्हटले आहे, आणि एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही हे बहुतेक सर्व चर्चनी धरून ठेवले आहे. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा येथील निवेदनातही बाप्तिस्मा पुन्हा दिल्यासारखा दिसेल असे आचरण टाळावे, असे म्हटले आहे. त्या सहभागितेच्या दृष्टीने तो दुसरा बाप्तिस्मा नव्हताच, पहिलाच होता, हे मला समजते. पण लग्नाची अट म्हणून एखाद्याकडून अशी कबुली घेणे, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे पाहिले तरी, चूक होते. स्वतःच्या विश्वासावर बाप्तिस्मा, असे जे म्हणतात त्यांनी निदान तो विश्वास स्वतःचा आहे की नाही हे पाहायला हवे होते.

आजींना त्या संध्याकाळी कळले होते की रात्रपाळ्या करून पाळलेला त्यांचा शब्द मुलाने नदीकाठी रद्द करून टाकला. नातीचा बाप्तिस्मा त्यांना इतक्या घाईने का हवा होता, याचे निम्मे उत्तर यात आहे. मुलाने त्यांना चार वर्षांत कधी सांगितले नव्हते की त्याने मनातून काहीही रद्द केलेले नाही. मी त्याला एवढेच काम दिले: आईजवळ बस आणि हे सांग. त्याने ते केले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

मी मत कसे ठरवले

कमिटीच्या दुसऱ्या सभेत एका सदस्याचा मुद्दा असा होता की वडिलांची संमती मिळवता येईल, आणि एका पालकाची संमती पुरते. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही निदान एका पालकाची संमती असावी, असेच आहे, हे त्यांनी वसईच्या एका स्नेह्यांकडून विचारून घेतले होते. ते बरोबरच होते. मात्र त्याच कलमात पुढे मूल त्या विश्वासात वाढेल अशी सबळ आशा हवी आणि ती मुळीच नसेल तर बाप्तिस्मा लांबणीवर टाकावा, असेही आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायातले वचन आजींनीही मला दाखवले होते: आईवडिलांपैकी एकजण विश्वासी असला तरी मुले पवित्र आहेत. पण ते वचन विश्वासी आणि अविश्वासी यांच्या घराबद्दल आहे. इथे दोघेही विश्वासी होते. आईचा नकार अविश्वासातून आलेला नव्हता, तो तिच्या विश्वासातून आलेला होता.

मी बालबाप्तिस्मा मानते तो घराण्याच्या आधारावर. नव्या करारातली लुदिया आणि तिचे घराणे, फिलिप्पैचा तुरुंगाचा अधिकारी आणि त्याच्या घरची सर्व माणसे, स्तेफनाच्या घरचे लोक. प्रेषितांच्या काळात घरेच्या घरे पाण्यात उतरली. त्या घरांत तान्ही मुले होती असे लिहिलेले नाही आणि नव्हती असेही लिहिलेले नाही. पण देव घराला हाक मारतो आणि मुलाला त्या घरातून वेगळे काढत नाही, एवढे मला त्यात दिसते. आता घराचा हा आधार धरायचा, तर त्याच घराच्या अर्ध्या भागाच्या पाठीमागे, ती कामावर गेलेली असताना, बाप्तिस्मा कसा द्यायचा? वडिलांची संमती घेऊन उपासनेत दिला असता तरी आईला त्या तीन प्रश्नांना एक तर खोटे उत्तर द्यावे लागले असते किंवा ती त्या रविवारी घरी बसली असती. मुलीचा बाप्तिस्मा ज्या वचनावर उभा राहायचा ते वचनच पहिल्या दिवशी मोडके असते.

शब्द देणाऱ्यांची ही काळजी नवी नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने साधारण इ. स. २०० च्या सुमारास लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असे लिहिले, तेव्हा त्याने दिलेल्या कारणांत एक हे होते की मुलासाठी हमी देणारे ती पाळण्याआधी मरतील किंवा मूल वाईट वळणाला लागेल आणि हमीदार संकटात सापडतील. पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेजमध्ये बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या सहासष्ट बिशपांनी उलट ठरवले, की यहुदी मुलाच्या सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये, देवाची दया कोणालाही नाकारू नये. मी सिप्रियनच्या बाजूची आहे. पण तर्तुल्यनाने दाखवलेली अडचण सिप्रियनच्या उत्तराने नाहीशी होत नाही, एवढे मला या प्रकरणात कळले. स्वतः ऑगस्टीनला मोनिकेसारखी भाविक आई असूनही तान्हेपणी बाप्तिस्मा मिळाला नव्हता. लहानपणी तो आजारी पडला तेव्हा देण्याची तयारी झाली, तो बरा झाला आणि ते राहिले. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे तो झाला तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती.

आणि आपल्याकडचेच पाहायचे तर नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली, स्वतःला पटल्यावर. मधली पाच वर्षे त्या घराने काय सोसले ते मराठी वाचकाला सांगायला नको. आम्ही टिळकांची भजने दर रविवारी गातो. त्यांच्या घराने थांबूनही दाखवले आहे, हे मी कमिटीला आठवण करून दिले.

निर्णय आणि नंतर

पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की सध्या बाप्तिस्मा देऊ नये. आईवडील दोघे तयार असतील तर रविवारच्या उपासनेत मुलीचे समर्पण करावे, त्या वेळी मंडळीने उभे राहून वचन द्यावे, आणि मुलीला समज येईपर्यंत कमिटीच्या दोन सदस्यांनी वर्षातून एकदा घरी जाऊन भेट घ्यावी. पुढे बाप्तिस्मा द्यायचाच, किंवा अमुक वयापर्यंत द्यायचा नाही, अशी कोणतीही अट घातली नाही.

हा निर्णय मी आजींना सांगायला गेले ती तिसरी भेट. त्या रागावल्या. मी त्यांना त्यांच्याच कामातले विचारले: बीसीजी टोचून गेल्यावर पुढच्या लसींना जी बाळे आली नाहीत त्यांचे काय करत होता? त्यांनी लगेच सांगितले, सहावा आठवडा, दहावा, चौदावा. कार्डावर तारीख टाकायची, आणि आई आली नाही तर तिचा पत्ता शोधत चाळीत जायचे. बोलता बोलता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘ते काम एकटीने होत नाही. घरच्यांची साथ लागते.’ त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. समर्पणाच्या रविवारी मात्र त्या पहिल्या बाकावर होत्या, आणि बाळ त्यांच्याच मांडीवर होते. सुनेच्या मामांनी समर्पण आपल्या सहभागितेतच व्हावे असा आग्रह धरला होता. तो मोडून ती सासूच्या मंडळीत आली, याची किंमत तिला माहेरी मोजावी लागली आणि तिने ती मोजली.

पहिल्या वर्षी आम्ही दोघीजणी ठरल्याप्रमाणे घरी गेलो. दुसऱ्या वर्षी कमिटीची निवडणूक झाली, माझी मुदत संपली, नव्या सदस्यांना कोणी सांगितले नाही आणि भेट राहून गेली. पावसाळ्यात एके दिवशी मुलीच्या आईचा फोन आला. ‘बाई, यंदा कोणी आले नाही.’ त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मंडळीने उभे राहून दिलेल्या शब्दाची ती आठवण करून देत होती, आणि बाप्तिस्मा नको म्हणणारी तीच होती. मी त्याच आठवड्यात नव्या सचिवांना घेऊन गेले.

मुलगी आता शब्बाथशाळेत येते. आणणे-पोचवणे आजींकडे आहे. नोंदवहीत तिच्या नावापुढे समर्पणाची तारीख आहे आणि बाप्तिस्म्याची जागा कोरी आहे. त्या भेटीत निघताना आजींनी मला दारात थांबवून विचारले की कमिटीच्या इतिवृत्तात नेमके काय लिहिले आहे. मी सांगितले. ‘मी मागितला होता, तेही लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘पोरगी मोठी झाल्यावर वाचेल.’ सचिवांनी पुढच्या सभेत ते वाक्य मंजूर करून घेतले.